चंद्रकळा नेसून घर पाहायला

ता. ३ जानेवारी १९२५, शनिवार

श्रीपतराव येऊन गेले. घरमालक, पण ओट्यावरच बसले. आत या म्हटलं तर नको म्हणाले. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तेव्हाच कळलं कशाला आले ते.

"दफेदार होते तोवर मी भाडं वाढवायचं नाव काढलं नाही, बाई." खरं आहे. नऊ वर्षांत काढलं नाही. "पण आता रावपुऱ्यात एकेका खोलीला लोक काय देतात ते ऐकाल तर —" ऐकलं. आमच्या दोन खोल्यांचे सहा होते, त्यांचे अकरा हवेत. रेल्वेतला कुणी तयार आहे. फेब्रुवारीअखेर त्याला जागा द्यायची.

ह्यांच्या मागे मला चौदा मिळतात. अकरा भाड्याला गेले तर निरूनं आणि मी खायचं काय! पण बोलले नाही. चहा करते म्हटलं. नको म्हणाले. जाताना पायरीवर थांबले — "तुम्ही थोडं भांडला असता तर मला बरं वाटलं असतं."

भांडता आलं नाही.

ता. ५, सोमवार

करजणहून जयसिंगराव भाऊजींचं पत्र. अक्षर थेट ह्यांच्यासारखं, र ची शेपटी खाली ओढलेली. पाकीट हातात घेतलं आणि क्षणभर — असो. भाऊ भाऊच ते.

श्रीपतरावांनी त्यांनाही कळवलेलं दिसतं. "वहिनी, घर तुमचंच आहे. मागची खोली मोकळी करतो. रथसप्तमीला गाड्या ठरवून न्यायला येतो." पुढे — "निरुपमेची शाळा झाली तेवढी पुरे. तेरावं लागलं. पिलाजीरावांच्या थोरल्याचं स्थळ आहे, माणसं चांगली आहेत, शिकलेली मुलगी चालते त्यांना."

भाऊजी मनाचे मोकळे आहेत. रागावता येत नाही त्यांच्यावर. पण शेवटच्या आठवड्यात, छाती भरून आलेली, बोलवत नव्हतं, तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरून एकच शब्द काढला होता. "शाळा." मी हो म्हटलं होतं. करजणला गेलो की निरूची शाळा सुटली. मग त्या हो म्हणण्याला काय अर्थ?

पत्र वन्संना दाखवलं. ह्यांची बहीण, पण भावापेक्षा माझ्याकडूनच जास्त बोलतात. "रथसप्तमीच्या आत घर मिळवा, जयसिंगाला मी बघते. — पण तुम्ही घर मिळवणार कशा? तोंड उघडायला तुम्हाला मुहूर्त लागतो!"

ता. ८, गुरुवार

तीन दिवस शहर फिरले. बाबाजीपुऱ्यात एक खोली, खिडकी नाही. विचारलं तर म्हणे, "दार आहे ना?" दांडिया बाजारात वरचा मजला बरा होता, पण भाडं श्रीपतरावांपेक्षाही जास्त. पाणीदरवाजाशी एका बाईनं सगळं दाखवलं, भाडंही परवडतं म्हणाली, आणि शेवटी हळूच विचारलं — "घरात पुरुष माणूस?" नाही म्हटलं. खोली लगेच दुसऱ्याला दिलेली निघाली.

सगळे म्हणतात बाहेर बघा. छाणी, गोत्री. शहरात आता साहेब लोक आणि गिरणीवाले राहणार.

आम्ही बडोद्याचे चार पिढ्यांचे. पणजोबा स्वारीबरोबर आले, ते राहिले. आणि आता वेशीबाहेर.

ता. ११, रविवार

छाणीला जाऊन आले. आगगाडीनं, निरूला घेऊन. स्टेशन जवळ आहे, शाळेला गाडीनं येता येईल, असं मनात सगळं जुळवत गेले.

घर छान. अंगणात हौद. घरधनी वयस्कर जैन श्रावक, फार अदबीनं बोलले. भाडं चार. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग त्यांनी विचारलं, "बेन, तमे मराठा के ब्राह्मण?" मराठा म्हटलं. त्यांनी उपरणं सावरलं. मग फार संकोचानं — "तो पछी रसोडामां..."

कार्तिकात हे गेल्यापासून घरात मटणाचं काही शिजलेलं नाही. नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं नसतं. पण दसऱ्याला ह्यांच्या तलवारीपुढे नैवेद्य होतो तो कसला, ते मला माहीत आहे. पुढल्या दसऱ्यालाही होणार. सांगितलं खरं. त्यांनी हात जोडले. पाणी दिलं, निरूला बोरं दिली, स्टेशनापर्यंत माणूस दिला. घर दिलं नाही. रागावण्यासारखं काही नव्हतं त्यात.

गाडीत निरू म्हणाली, "आई, नाही म्हणायचंस ना." मग पुढच्या स्टेशनापर्यंत बोरं खात खिडकीबाहेर बघत बसली.

ता. १२

कुठे गेले नाही.

ता. १५, गुरुवार

काल संक्रांत झाली. आमच्याकडे काहीच नाही. निरू गच्चीवर जाऊन दुसऱ्यांच्या पतंगांना काप्यो काप्यो ओरडून आली, तेवढंच.

सकाळी दूध घालताना शनाभाई रेंगाळला. गोत्रीचा पाटीदार, बारा वर्षं आम्हाला दूध घालतो आहे. "बेन, घर मळ्युं?" नाही म्हटलं. मापानं किटलीच्या कडेवर टकटक करत राहिला. मग म्हणाला, आमच्या खडकीत डाहीबाचं घर रिकामं आहे. पक्कं, कौलारू, नवं. डाहीबा स्वतः शेजारच्या जुन्या घरात एकटी राहते. मी विचारलं, नवं घर रिकामं का? "छे. खाली छे." रिकामं आहे, एवढंच. "रविवारी जाव. हूं काने नाखी राखीश." म्हणजे तिच्या कानावर घालून ठेवतो.

त्याच्या गाडीतून रोज पहाटे दूध शहरात येतं. निरू त्यातून शाळेला येऊ शकेल का, विचारलं. तो हसला. "दफेदारसाहेबनी दीकरी! आगळ बेसाडीश." पुढे बसवीन म्हणतो.

वन्सं येते म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या घराकडे बघत उभ्या राहाल. भाडं मी ठरवते."

ता. १८, रविवार

गोत्रीला जाऊन आले. आजचं आजच लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

वन्सं दुपारी आल्या त्या काळी चंद्रकळा नेसून. नवी, खडीची. नथ, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "येताना परभारे दत्ताजीरावांकडे हळदीकुंकवाला जायचंय, दोनदा कोण नेसत बसणार!" संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे काळं नेसतातच. मला त्यात काही वाटलं नाही. मी माझ्या पांढऱ्यात. निरूला घरी ठेवलं.

स्टेशन ओलांडलं, कॉलेजचा घुमट मागे पडला, मग नुसती धुळीची गाडीवाट. दोन्ही बाजूंना निवडुंगाचं कुंपण, मधेच रायणीची झाडं. टांगा वेशीशी थांबला. विहिरीवर चार-पाच बायका होत्या. वन्संकडे पाहिलं आणि त्यांनी घागरी खाली ठेवल्या. एकीनं पदर ओढून घेतला. "नथ बघताहेत," वन्सं मला हळूच म्हणाल्या आणि जरा ताठ चालू लागल्या. डाहीबाचं घर विचारलं तर एकीनं न बोलता बोट दाखवलं.

खडकी म्हणजे एक मोठा दरवाजा आणि त्याच्या आत समोरासमोर सात-आठ घरं. शेवटच्या घराच्या ओट्यावर म्हातारी तूर पाखडत होती. आम्ही दरवाजातून आत आलो. तिनं मान वर केली. वन्संकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. "ओ मारा दीकरा रे —" धावत आली, वन्संच्या गळ्यात पडली आणि छाती पिटू लागली.

वन्सं खांबासारख्या उभ्या! नथ म्हातारीच्या पदरात अडकलेली. "अहो बाई — अहो, ऐका — वहिनी, सांगा ना ह्यांना! माझे यजमान घरी आहेत हो! सकाळी चार भाकऱ्या खाल्ल्यात त्यांनी!"

तेव्हा उजेड पडला. काळा साडला! इथल्या बायका काळा साडला नेसून दुखवट्याला जातात. काण म्हणतात. आलेलीनं आणि घरच्या बाईनं गळ्यात पडून रडायचं अशी रीत आहे. जन्म बडोद्यात गेला माझा, समोरच्या गल्लीतल्या काणी खिडकीतून किती पाहिल्या, आणि चंद्रकळा नेसलेल्या बाईशेजारी टांग्यात तासभर बसून डोक्यात आलं नाही! त्या घरात कुणी गेलं आहे हेही माहीत नव्हतं.

खुलासा करायला पुढे झाले. "बा, अमे तो घर —" एवढंच म्हणाले. म्हातारीनं वळून माझ्याकडे पाहिलं. कपाळाकडे. वन्संना सोडलं आणि माझे दोन्ही दंड धरले. "तारुं कोण गयुं?"

घर पाहायला आलो असं म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "धणी."

आणि मग मी रडले.

कार्तिकापासून रडले नव्हते. हे गेले त्या दिवशी किती कामं होती. लाकडं, भटजी, पागेतली माणसं, करजणला तार. सगळे म्हणाले, धीराची बाई. धीर वगैरे नव्हता, येतच नव्हतं रडू. नंतर येईल म्हटलं, नंतरही आलं नाही. निरू कधी कधी माझ्या तोंडाकडे बघायची, मी दुसरीकडे बघायची. आज परक्या खडकीत, परक्या म्हातारीच्या खांद्यावर, मोठ्यानं. आपला आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

बाकीच्या घरांतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. बघत होत्या, पण जवळ येत नव्हत्या. हे मला मधेच जाणवलं. मग एक आली आणि म्हातारीच्या पाठीशी बसली. मग आणखी तिघी. वन्संही रडायला लागल्या — त्यांचा भाऊच ना तो!

शेवटी कुणीतरी लोट्यातून पाणी ओतलं, तोंड धुवायला. म्हातारीनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. "आवजो, बेन." अशा वेळी भाडं कोण विचारणार? शेजारी ते नवं घर दिसलं. निळं दार, पितळी कुलूप, ओट्याला कडाप्पा. पाहिलं आणि आलो.

टांगा रेल्वेच्या फाटकापर्यंत आला. मग वन्सं म्हणाल्या, "मी चार भाकऱ्या म्हटलं का हो?"

"हो."

"तीनच खातात ते."

मग जे हसू आलं! टांगेवाला मागे वळून बघायला लागला. हळदीकुंकवाला वन्सं गेल्या नाहीत. डोळे हे एवढे सुजलेले.

ता. १९

झोपले. सातपर्यंत. निरूनं डबा आपला आपण करून घेतला.

ता. २०, मंगळवार

हलकं वाटतं आहे, ते आजही आहे. दोनदा जेवले.

पण घराचं काय? तिच्या मेलेल्या मुलाच्या नावानं रडून आले — मुलगाच असणार, दीकरा म्हणत होती — ते काण म्हणून तिनं घेतलं. आता पुन्हा जाऊन काय सांगायचं? बाई, ते चुकून झालं, आम्हाला तुमचं घर भाड्यानं हवं होतं! शनाभाई तिला सांगायला विसरला असणार.

वन्संना म्हटलं, चला पुन्हा. "मी नाही बाई! आता मी हिरवी नेसून गेले तरी ती मला पिटेल."

अकरा दिवस उरले.

ता. २२, गुरुवार

आज शनाभाईला दारात अडवलं. मी कुणावर आवाज चढवत नाही, आज चढवला. "त्या घरात माणूस गेलंय हे सांगितलं का नाहीस?"

त्यानं किटली खाली ठेवली. रस्त्याकडे पाहिलं. मग भराभर बोलला, कुणी ऐकेल या भीतीनं.

डाहीबाचा मुलगा मथुर. आफ्रिकेत, मोंबाशाला दुकानात होता. निळ्या दाराचं घर त्याच्या पैशानं बांधलं. तिथे त्यानं परजातीची बायको केली. इथे पंच बसले, मथुर नातीबाहेर, म्हणजे जातीबाहेर. घराला कुलूप लागलं. आता डिसेंबरात तिकडून कुणी आलं त्यानं सांगितलं, मथुर तापानं गेला. नातीबाहेरच्याची काण करत नाहीत. एक बाई डाहीबाकडे गेली नाही. खडकीतली शेजारीणही नाही. "नाम न लेवाय, बेन. मारे पण घरमां बैरां छे, छोकरां छे." नाव घ्यायचं नाही, त्यालाही बायकामुलं आहेत, म्हणून मला सांगितलं नाही.

"तमे गयां, पछी चार घरनां बैरां गयां." आम्ही जाऊन रडलो म्हणून त्या चौघींना यावं लागलं. परक्या मराठणी रडताहेत आणि आपण दारात उभ्या, असं झालं असेल.

मला वाटत होतं मी तिला फसवलं. आता काय वाटावं कळत नाही. पण जाऊन खरं सांगायला हवं, एवढं कळतं.

ता. २५, रविवार

घर मिळालं!

आधी हे लिहिलं. आता बाकीचं.

निरूला घेऊन चालतच गेले. म्हातारी ओट्यावरच होती. मी बसले आणि जे पाठ करून गेले होते ते एका दमात सांगितलं. त्या दिवशी आम्ही काणीला नव्हतो आलो. घर पाहायला आलो होतो. माझ्या नणंदेचं काळं लुगडं सणाचं होतं. माफ करा.

डाहीबा ऐकत होती. "बेस, बेस. पाणी पी." मग निरूकडे पाहून, "आ दीकरी भणे छे?" इंग्रजी दुसरीत आहे म्हटलं. ती उठली, कनवटीची किल्ली काढली आणि निळं दार उघडलं. बंद घराचा वास. दोन खोल्या, मागे पडवी, चूल न पेटवलेली. भिंतीत खुंट्या. ह्यांची तलवार कुठे टांगायची ते मी लगेच पाहून ठेवलं, आणि मग छाणीची आठवण झाली.

सांगून टाकलं. आम्ही मराठे, रोज नाही, पण दसऱ्याला आमच्याकडे मटण होतं. मागाहून कळण्यापेक्षा आत्ता सांगते.

"मथुर त्यां खातो हतो," ती म्हणाली. तिथे खात होता. "तुझ्या चुलीत मी बघणार नाही. माझ्या चुलीवर आणू नको."

भाडं? मी पाच म्हणाले. म्हणाली, "तीन दे. ने कागळ वांची आप."

पत्र वाचून दाखवायचं! पत्र डब्यात होतं, आफ्रिकेचं तिकीट, महिनाभर न फोडलेलं. खडकीत वाचता येणारे सहा जण आहेत म्हणे. तिनं कुणाला दिलं नाही. मी गुजराती शाळेत शिकले, ते आज कामाला आलं.

मथुरच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. साधं पत्र. ताप किती दिवस होता, काय औषध दिलं, दुकानाचा शेठ चांगला आहे, तिला कामावर ठेवलं आहे. शेवटी — मुलगी सहा वर्षांची झाली. तिच्या बापानं तिचं नाव डाही ठेवलं.

तेवढी ओळ तिनं मला तीनदा वाचायला लावली. चौथ्यांदा निरूकडून वाचून घेतली. निरूला गुजराती अक्षरं नीट येत नाहीत, अडखळत वाचली. त्या अडखळण्यालाच म्हातारी हसली.

उत्तर मी लिहायचं ठरलं. पत्ता व्यवस्थित आहे.

ता. २६

वन्संना सांगितलं. "तीन? मी असते तर अडीचवर आणलं असतं." आणि पदरानं डोळे पुसले.

ता. ३१, शनिवार — रथसप्तमी

भाऊजी आले, दोन बैलगाड्या ठरवूनच. मी चहा दिला आणि सांगितलं, गाड्या लागतील, पण करजणला नाही.

"गोत्री? वहिनी, रान आहे ते! निरूनं शाळेला तीन मैल यायचं?"

निरू दारामागून — "काका, करजण वीस मैल आहे."

वन्सं गप्प, हे मोठं नवल. भाऊजींचा चेहरा जरा उतरलेला दिसला. मी म्हटलं, "भाऊजी, ह्यांनी शाळा म्हटलं होतं. मी हो म्हटलं होतं. तुम्ही तिथे नव्हतात." एवढं मी सलग कधी त्यांच्याशी बोलले नसेन. त्यांनी कप खाली ठेवला आणि बाह्या वर केल्या. "मग पेटी आधी की भांडी आधी?" पिलाजीरावांना काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाले.

देवातले टाक मी मांडीवर घेऊन बसले. तलवारीला भाऊजींनी कुणाला हात लावू दिला नाही. श्रीपतराव निरोपाला आले, फेब्रुवारीचं भाडं नको म्हणाले. मग — "बाई, भांडला असता तर मी आठावर आलो असतो हो." आता सांगताहेत! मी हसले. ते बिचारे आणखी ओशाळले.

संध्याकाळी निळ्या दाराच्या घरात चूल पेटवली. डाहीबानं तिच्या चुलीतला विस्तव आणून दिला. शेजारच्या दोन बायका ओट्यावर येऊन बसल्या, मराठी भांडी पाहायला. त्या चौघींतल्याच.

ता. २ फेब्रुवारी, सोमवार

निरू शाळेला गेली. दुधाच्या गाडीत, पुढे, शनाभाईजवळ, शाल गुंडाळून. वेळेच्या आधी पोचली.

ता. ८, रविवार

डाहीबाबरोबर ओट्यावर तूर निवडत होते. सहज म्हटलं, शनाभाई तुमच्या कानावर घालतो म्हणाला होता, विसरला, म्हणून त्या दिवशी सगळा घोटाळा झाला.

"शनो भूलतो नथी," ती म्हणाली. शना विसरत नाही. आदल्या संध्याकाळीच सांगून गेला होता, दोन मराठणी घर पाहायला येणार.

ती सुपातच बघत होती.

"तुझ्या नणंदेचं कुंकू मला दरवाजातच दिसलं होतं, बेन. एवढं मोठं होतं. पण माझ्या दारात काळं नेसून कुणीतरी आलं होतं ना." खडा काढून टाकला. "चल, ऊठ. दिवाबत्ती कर, निरू वाचायला बसेल."